दह्याविना पुदिन्याची हिरवी चटणी : दाटपणा, चव आणि रंग कसे साधावेत?

परसदार (प्रतापनगर, नागपूर)

सर्वांना नमस्कार. घरातील एखाद्या व्यक्तीने व्हीगन आहार स्वीकारला, म्हणजे मांस-अंड्यांबरोबर दूध, दही, तूप आणि मधही सोडला, तर आपल्याकडे मुख्य जेवणाची फारशी अडचण होत नाही. वरण, भाकर, झुणका, भरली वांगी, उसळी हे सारे तेलाच्या फोडणीवर निभावते. अडचण येते ती ताटाच्या डाव्या बाजूला. कोशिंबिरीत दही असते आणि अलीकडे पुदिन्याच्या चटणीतही दही घालण्याची रीत पडली आहे. हॉटेलात तंदुरी पदार्थांसोबत येणारी फिकट हिरवी चटणी हीच खरी पुदिन्याची चटणी, अशी अनेकांची समजूत झालेली दिसते. त्या चटणीतून नुसते दही काढून टाकले की ती तिखटजाळ, कडवट आणि पाणचट लागते. मग व्हीगन पाहुण्यासाठी एक वेगळी वाटी बाजूला ठेवली जाते आणि बाकीचे लोक तिला हातही लावत नाहीत.

दह्याच्या चटणीतून दही वजा करून ही चटणी होत नाही, ती पहिल्यापासून वेगळ्या पद्धतीने करावी लागते, असे माझे ठाम मत आहे. तशी केली तर सगळ्या पंगतीला एकच चटणी पुरते आणि कोणालाही वेगळी वाटी द्यावी लागत नाही.

त्यासाठी दही चटणीत नेमके काय करते हे आधी पाहावे लागेल. दही आंबटपणा देते आणि दाटपणा देते, हे सहज लक्षात येते. ते पुदिन्याचा कडवटपणाही झाकते. परंतु त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे मिरचीचा जाळ उतरवणे. दुधात केसीन नावाचे प्रथिन असते आणि ते मिरचीतील कॅप्सेसिन या तिखट द्रव्याला स्वतःशी बांधून घेते. लिंबाला हे काम जमत नाही. त्यामुळे दह्याऐवजी लिंबाचा रस वाढवला, तर चटणी आंबट होते, पण जिभेची आग कमी होत नाही. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात मात्र विरघळते. म्हणून दही नसेल तेव्हा शेंगदाणे, ओले खोबरे किंवा भिजवलेले काजू यांपैकी काहीतरी थोडेसे घालावे आणि मिरच्या नेहमीपेक्षा एक-दोनने कमी कराव्यात.

माझे प्रमाण सात-आठ माणसांसाठी असे आहे. पुदिन्याची निवडलेली पाने सुमारे 50 ग्रॅम, कोथिंबीर म्हणजे आपला सांबार कोवळ्या देठांसह सुमारे 75 ग्रॅम, मध्यम तिखट हिरव्या मिरच्या 2 ते 3, बोटाच्या पेराएवढे आले, फुटाण्याची डाळ 1 मोठा चमचा, भाजून सोललेले शेंगदाणे 1 मोठा चमचा, भाजलेले जिरे अर्धा लहान चमचा, एका रसदार लिंबाचा रस, मीठ, चिमूटभर काळे मीठ, गुळाचा लहानसा खडा आणि फ्रिजमधील थंडगार पाणी 3 ते 4 मोठे चमचे. पुदिन्याचे जाड देठ अजिबात घेऊ नयेत, कारण ते तंतुमय असतात आणि कडवटपणा बहुधा त्यांच्यातूनच येतो. सांबाराचे कोवळे देठ मात्र टाकू नयेत. त्यांत पानांइतकाच, किंबहुना अधिक सुगंध असतो. नुसत्या पुदिन्याची चटणी उग्र होते, म्हणून सांबार दीडपट ठेवलेला बरा.

वाटण्याच्या क्रमावर बरेच काही अवलंबून आहे. सगळे जिन्नस एकदम भांड्यात टाकले की मिरची, आले आणि डाळ बारीक होईपर्यंत कोवळी पाने उगाच फिरत राहतात, तापतात आणि काळवंडतात. त्याऐवजी आधी डाळ व शेंगदाणे कोरडेच फिरवून पूड करावी, मग त्यात आले, मिरची, जिरे, मीठ, गूळ, लिंबाचा रस आणि निम्मे थंड पाणी घालून गुळगुळीत वाटण करावे. पाने सर्वांत शेवटी घालावीत आणि मिक्सर थांबवत थांबवत, लागेल तेवढेच उरलेले पाणी घालत, थोड्या वेळात काम संपवावे. पाने जितका कमी वेळ पात्याखाली राहतील तितकी चटणी हिरवी आणि सुगंधी होते.

जाणकारांना दोन गोष्टी विचारावयाच्या आहेत. लिंबाचा रस वाटतानाच घालावा की वाढताना, याबद्दल दोन्ही मते ऐकू येतात. त्यात शास्त्र काय सांगते? आणि पाट्यावर वाटणाऱ्यांनी आपली पद्धत अवश्य लिहावी.

वाड्यातील_काकू (महाल)

परसदारताई, आपण वेगळ्या वाटीबद्दल लिहिले ते अगदी पटले. आमच्या घरी पुदिन्याच्या चटणीत दही कधीच पडत नसे. माझ्या सासूबाई पाट्यावर मीठ, मिरची, जिरे आणि आले आधी रगडून घेत, मग पुदिना व सांबार मूठमूठ घालून वरवंट्याने ओढत. पाण्याचा केवळ हात लावावयाचा. पाट्यावरची चटणी जराशी भरड राहते, पानांचे तुकडे दातांखाली येतात आणि वरवंटा फिरवताना पाने तापत नाहीत. शेंगदाणे व डाळ घातलेली चटणी सँडविचला लावायला चांगली असेल, परंतु गोळाभातासोबत वाढावयाची असेल तर मला त्यात दाटपणासाठी काहीही नको वाटते. गोळाभातावर हिंग-मोहरीच्या फोडणीचे तेल भरपूर घेतलेले असते, बेसनाचे किंवा वाटल्या डाळीचे गोळे स्वतःच कोरडे आणि भरदार असतात. तेथे चटणी झणझणीत, आंबट आणि मोकळीच हवी. मिरचीचा जाळ उतरवावयाचे काम ते फोडणीचे तेलच करते.

आंबटपणासाठी उन्हाळ्यात आम्ही लिंबू घेत नाही, कैरी घेतो. वर दिलेल्या प्रमाणात सालीसकट कैरीच्या दोन-तीन लहान फोडी पुरतात. कैरीचा गर चटणीला अंगही देतो, त्यामुळे पाणी सुटत नाही. चैत्र-वैशाखात बाजारात पुदिनाही मुबलक असतो आणि कैरीही असते, तेव्हा त्या दिवसांत लिंबाचा भाव विचारण्याची गरजच पडत नाही.

चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आपल्या कृतीत लसूण नाही हे चांगले केलेत. कच्चा लसूण वाटून ठेवला की त्याची उग्रता वाढत जाते आणि दुसऱ्या दिवशी पुदिन्याचा वासच येत नाही.

अन्नरस (अंबाझरी)

मी अन्नतंत्रज्ञान शिकवत असे, आता निवृत्त आहे. लिंबाबाबत दोन्ही मते ऐकू येण्याचे कारण असे की चटणीचा रंग दोन वेगवेगळ्या कारणांनी बिघडतो, आणि त्यातील एका कारणावर आम्ल हा उपाय असून दुसऱ्याला तेच आम्ल मदत करते.

पहिले कारण म्हणजे काळवंडणे. पान अखंड असते तेव्हा त्यातील पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर आणि फिनॉल वर्गातील द्रव्ये पेशीत वेगवेगळ्या जागी असतात. पुदिन्यात रोझमॅरिनिक आम्लासारखी फिनॉलिक द्रव्ये भरपूर असतात. पान चिरडले की ही दोन्ही एकत्र येतात, त्यांना हवेतील ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंग तयार होऊ लागतो. कापलेले सफरचंद किंवा वांगे काळे पडते तीच ही क्रिया आहे. हे विकर तीव्र आम्लात मंदावते आणि थंडीतही मंदावते. लिंबाचा रस चांगलाच आम्लधर्मी असतो, म्हणून तो पाने पडण्यापूर्वीच भांड्यात असणे योग्य आहे. थंड पाणीही त्याच कारणासाठी हवे. परसदारताईंनी दिलेला क्रम या दृष्टीने बरोबर आहे.

दुसरे कारण सावकाश काम करते. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. आम्लाच्या सान्निध्यात ते बाहेर पडून त्याची जागा हायड्रोजन घेतो आणि फिओफायटिन नावाचे द्रव्य तयार होते. त्याचा रंग शेवाळी, मळकट हिरवा असतो. उष्णतेत ही क्रिया वेगाने होते, फ्रिजमध्ये बरीच हळू होते. त्यामुळे त्याच दिवशी संपणाऱ्या चटणीत सगळे लिंबू वाटतानाच घालावे. तीन-चार दिवस ठेवावयाच्या चटणीत निम्मे लिंबू वाटताना घालावे आणि उरलेले वाढण्यापूर्वी त्या दिवसाच्या वाटीत पिळावे.

येथे तीन गोष्टींपासून सावध राहण्याची विनंती करतो. रंग टिकावा म्हणून काही जण चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. त्याने हिरवेपणा राहतो हे खरे, परंतु आंबटपणा मारला जातो, चटणी साबणासारखी बुळबुळीत लागते आणि आम्लामुळे जंतूंना बसणारा आळाही जातो. दुसरे म्हणजे तांब्या-पितळेचे बिनकल्हईचे भांडे. तांबे हरितद्रव्याशी जोडले गेले की रंग विलक्षण चमकदार होतो, पण आंबट पदार्थात उतरलेले तांबे पोटाला घातक असते. काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील एवढेच वापरावे. तिसरी गोष्ट पाने उकळत्या पाण्यातून काढण्याची. दहा-पंधरा सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकलेल्या पानांतील विकर बरेचसे निष्प्रभ होते, आणि मोठ्या स्वयंपाकघरांत म्हणूनच ही युक्ती वापरली जाते. पण पुदिन्याचा वास उडून जाणाऱ्या तेलांत असतो. ती तेले गरम पाण्यात गेली तर रंग राखून सुगंध घालवल्यासारखे होते. घरच्या ताज्या चटणीला हा सौदा परवडत नाही.

मिक्सरच्या भांड्याविषयीही सांगतो. थोडी चटणी मोठ्या भांड्यात वाटली की पाती हवा घुसळत राहतात आणि ऑक्सिजन चटणीत मिसळतो. चटणीसाठी लहान भांडे घ्यावे आणि ते निम्म्याहून अधिक भरलेले असावे.

नवा_स्वयंपाकी (हिंगणा रोड)

सर्वांचे आभार. मी शिक्षणासाठी खोली घेऊन राहतो. माझ्याकडे मिक्सर नाही, पाटा नाही, फक्त लहान लोखंडी खलबत्ता आहे. फ्रिजही सामाईक आहे. त्यात ही चटणी होऊ शकेल का? आणि फुटाण्याची डाळ वेगळी आणावी लागेल की नेहमीचे फुटाणे चालतील?

वाड्यातील_काकू (महाल)

बाळा, खलबत्त्यात उत्तम होते. फुटाणे साल काढून घेतले की तीच डाळ. सालीने चटणी करकरीत लागते, म्हणून तेवढे कष्ट घे. आधी जाड मीठ, मिरची आणि जिरे कुटून त्यांचा गोळा कर, मग फुटाणे कुट. पाने सुरीने बारीक चिरून मूठभरच टाकत जा. मिठाचे खडे पाने फोडायला मदत करतात, म्हणून मीठ शेवटी घालू नकोस. खल लोखंडी आहे, तेव्हा लिंबू त्यात पिळू नकोस, चटणी लगेच वाटीत काढून तेथे पीळ. आंबट पदार्थ लोखंडात राहिला तर चटणी काळी पडते आणि लोखंडाची चवही उतरते. दोन वेळच्या जेवणाला पुरेल एवढीच कर, म्हणजे फ्रिजचा प्रश्न उरणार नाही.

गच्चीवरची_बाग (मानेवाडा)

चटणीची निम्मी चव पुदिना कधी खुडला यावर ठरते, त्याबद्दल लिहितो. फुलोरा आलेल्या पुदिन्याची पाने राठ होतात, म्हणून बाजारात जुडी घेताना शेंड्याला जांभळट-पांढरे तुरे दिसत असतील तर ती चटणीसाठी घेऊ नये. कॉटन मार्केट किंवा गोकुळपेठच्या बाजारात सकाळी लवकर गेल्यास टवटवीत जुडी मिळते. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकू लागला की दुपारपर्यंत हातगाडीवरच्या पुदिन्याने मान टाकलेली असते. कोमेजलेली पाने थंड पाण्यात ठेवल्यास ताठ होतात, पण गेलेला सुगंध परत येत नाही.

बाजारातून आणलेल्या जुडीचे चार ताठ देठ घ्यावेत, खालची पाने काढून ते पेलाभर पाण्यात सावलीत ठेवावेत. थोड्याच दिवसांत पेरांतून मुळ्या फुटतात. पुदिन्याची मुळे खोल जात नाहीत, आडवी पसरतात, म्हणून उंच कुंडीपेक्षा पसरट, उथळ कुंडी किंवा जुने टब बरे. त्याला ओलावा सतत हवा, पण पाणी साचता कामा नये. नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळचे कोवळे ऊन पुरे, त्यानंतर हिरव्या जाळीखाली किंवा भिंतीच्या सावलीत कुंडी सरकवावी आणि दोन्ही वेळ पाणी द्यावे. पुदिना दुसऱ्या रोपांच्या कुंडीत लावू नये, कारण त्याचे धुमारे थोड्याच काळात सगळी माती व्यापतात. खुडताना नुसती पाने न ओरबाडता पानांच्या जोडीच्या वर देठ कापला, तर तेथून दोन नवे फुटवे येतात आणि कोवळी पाने मिळत राहतात.

धुण्याबाबत फार काळजी घ्यावी. ही पाने जमिनीलगत ओलाव्यात वाढतात आणि चटणी कच्ची खायची असते. जुडी सोडून पाने मोठ्या पातेल्यातील पाण्यात बुडवावीत, हलवावीत आणि माती तळाशी बसू द्यावी. मग पाने हातांनी वर उचलून घ्यावीत. पातेले चाळणीत उपडे केले तर तळाची माती पुन्हा पानांवरच येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत असे करावे आणि शेवटचे पाणी पिण्याचे असावे. नंतर पाने स्वच्छ कापडावर पसरून कोरडी करावीत. चटणी पाणचट होण्यामागे पुष्कळदा ओली पानेच असतात.

हिरवे_ताट (त्रिमूर्तीनगर)

मी स्वतः व्हीगन आहे, त्यामुळे वेगळ्या वाटीचा अनुभव मला नित्याचा आहे. परसदारताईंनी हा विषय काढला याचा मनापासून आनंद वाटला. यजमानांच्या प्रेमात काही कमी नसते, पण काही बारीकसारीक गोष्टी नजरेतून सुटतात, त्या येथे लिहून ठेवते.

चटणीत दही नसते, पण दह्याच्या वाटीतील चमचा तिच्यात जातो. जिरे तुपावर परतलेले असतात. सँडविचला चटणी लावण्याआधी लोण्याचा थर दिलेला असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चटणीसोबतचा पदार्थ. नान आणि भटुऱ्यांच्या पिठात दही अनेकदा असते. याउलट आपले नागपुरी पदार्थ या चटणीला अगदी जुळतात. सांबारवडीचे सारण सांबार, खोबरे आणि खसखशीचे, वरची पारी बेसन-कणकेची आणि तळण तेलाचे, त्यामुळे ती सहसा जशीच्या तशी चालते. आलूबोंडा, मुगाचे वडे, पाटोडी, तेलात तळलेला समोसा हेही चालतात. सांबारवडीत सांबार आधीच भरपूर असतो, म्हणून तिच्यासोबतच्या चटणीत मी पुदिन्याचे प्रमाण वाढवते आणि सांबार निम्मा करते. नाही तर दोन्हींची चव एकच होऊन जाते.

काळ्या मिठाविषयीही थोडे सांगते. त्यात गंधकाची संयुगे असल्यामुळे त्याला उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. चिमूटभर घातले की चटणीला चाटच्या गाडीवरची खुमारी येते, जास्त झाले की पुदिना मागे पडतो. साखरेऐवजी गूळ घालावा असे काही व्हीगन मित्र सुचवतात, कारण काही देशांत साखर शुभ्र करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरला जातो. आपल्याकडील बहुतेक साखर कारखाने गंधकाची प्रक्रिया वापरतात, तेव्हा घरात साखर असेल तर तीही घालावी. मला गूळ आवडतो तो चवीसाठी.

बाटलीतील तयार चटणी आणण्याची वेळ आलीच, तर घटकांची यादी वाचावी. दूध हा ॲलर्जीकारक घटक मानला जात असल्यामुळे तो वेष्टनावर नमूद करावा लागतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2022 मध्ये व्हीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले असून त्यांचे वेगळे हिरवे चिन्हही आहे. शाकाहाराचा नेहमीचा हिरवा ठिपका दूध-दही असलेल्या पदार्थांवरही असतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

शेवटी एक विनंती. शेंगदाणे घातले असतील तर पंगतीत ते सांगावे. काहींना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते आणि हिरव्या चटणीत ते असतील अशी कल्पना कोणी करत नाही.

संत्रानगरी (काटोल रोड)

गूळ किंवा साखर न घालता संत्र्याच्या रसाने गोडवा आणला तर? आमच्याकडे आंबिया बहाराची संत्री घरी असतात, ती जरा आंबटगोड असतात आणि लिंबाचेही काम करतील असे वाटते. खोबरे, पुदिना आणि संत्र्याचा रस यांची चटणी मला फार आवडते. फक्त थोड्या वेळाने ती कडू होते, हे कशामुळे होते?

अन्नरस (अंबाझरी)

कडूपणा संत्र्याचाच आहे. नागपुरी संत्र्याचा रस काढल्यानंतर काही वेळाने कडू होतो, ही प्रक्रिया उद्योगालाही सतावणारी जुनी अडचण आहे. फळात असताना चवीला कडू न लागणारे एक द्रव्य रसाच्या आम्लात हळूहळू बदलते आणि त्यातून लिमोनिन हे अतिशय कडू द्रव्य तयार होते. बिया आणि पांढरी साल चिरडली गेली तर ते आणखी वाढते. म्हणून फोड मिक्सरमध्ये कधीही फिरवू नये. रस हाताने हलका पिळून, गाळून, चटणी वाटून झाल्यावर वरून मिसळावा आणि ती त्याच जेवणात संपवावी. पाण्याऐवजी रस धरावा, अधिकचे पाणी घालू नये. गोड व्हावी अशी इच्छा असेल तर उन्हाळ्याच्या तोंडावर येणारी मृग बहाराची संत्री अधिक बरी.

परसदार (प्रतापनगर, नागपूर)

अन्नरस सर, लिंबाचा उलगडा फार उपयोगी पडला. दोन दिवसांची चटणी करताना आता लिंबू दोन वेळा विभागूनच घालीन. काकू, कैरीची चटणी आजच केली. गोळाभातासोबत डाळ-दाण्यांची गरज नाही, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. सँडविच आणि समोशासाठी मात्र मी दाटपणा कायम ठेवीन. सँडविचला लावताना चटणी चमच्यावरून सहज ओघळता कामा नये, आणि काकडीच्या चकत्या पुसून ठेवाव्यात, म्हणजे पाव भिजत नाही.

लगबग (जरीपटका)

येत्या आठवड्यात घरी मुलीच्या साक्षगंधाचा कार्यक्रम आहे. चाळीसेक माणसे असतील, त्यांत मुलाकडील तीन-चार जण व्हीगन आहेत. सगळ्यांना एकच हिरवी चटणी द्यावी असे हा धागा वाचून ठरवले आहे. आलूबोंडा आणि सांबारवडी आहे. किती चटणी लागेल, आदल्या दिवशी करून ठेवता येईल का, आणि उन्हात ती टिकेल का, हे कृपया सांगावे.

डबा_आणि_पंगत (धरमपेठ)

ताई, प्रथम अभिनंदन. मी घरगुती डबे देते आणि लहान कार्यक्रमांचा स्वयंपाकही करते. दोन तळलेल्या पदार्थांसोबत माणशी सरासरी दोन मोठे चमचे चटणी लागते, म्हणजे 25 ते 30 ग्रॅम. चाळीस माणसांना एक ते सव्वा किलो धरावी. परसदारताईंचे प्रमाण पाचपट केले की साधारण तेवढी होते : पुदिन्याची पाने पाव किलो, सांबार पावणेचारशे ग्रॅम. पुदिन्याचे निम्मे वजन देठांत जाते, म्हणून बाजारातून अर्धा किलो पुदिना आणावा. मिरची मात्र पाचपट करू नका. दहा मिरच्यांवर थांबा, चव पाहा, मग वाढवा. पाहुण्यांत मुले आणि वयस्क माणसे असतात, आणि ज्यांना तिखट हवे त्यांच्यासाठी तळलेल्या मिरच्या ठेवता येतात.

सगळे एका घाण्यात वाटू नये. मिरची, आले, जिरे, डाळ आणि दाण्यांचे वाटण आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवता येते. त्याला काही होत नाही. पाने आदल्या दिवशी निवडून, धुऊन, पूर्ण कोरडी करून, सुती कापडात सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावीत. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे येण्याच्या तास-दोन तास आधी, रात्रीचे वाटण पाच भागांत विभागून, प्रत्येक भागासोबत लिंबाचा रस, थंड पाणी आणि पाने घालून भराभर वाटावे. वाटताना एखादा बर्फाचा खडा टाकला तर पाणी तेवढे कमी करावे. दोन घाण्यांच्या मध्ये भांडे गरम वाटले तर त्यात थंड पाणी फिरवून ओतून टाकावे. पाचही घाणे एकत्र करून चव पाहिली की मीठ आणि लिंबू सारखे करता येते.

सगळी चटणी एकदम मांडू नका. लहान वाडग्यांत काढा, वाडगा बर्फ घातलेल्या पसरट भांड्यात ठेवा आणि उरलेली फ्रिजमध्ये राहू द्या. वाडगा संपला की त्यात भर न घालता नवा वाडगा आणा. एवढ्या उन्हाच्या दिवसांत बाहेर तासाभराहून अधिक राहिलेली कच्ची चटणी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नये, टाकून द्यावी. चटणीचा चमचा वेगळा असावा आणि आपल्याकडे दह्याची एखादी वाटी असेल तर ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावी, म्हणजे हिरवे_ताट ताईंनी लिहिलेली चमच्यांची अदलाबदल होणार नाही.

फ्रिजमधील न काढलेली चटणी उरली तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवावी आणि घट्ट झाल्यावर खडे काढून हवाबंद डब्यात ठेवावेत. महिनाभर चांगली राहते. लागेल तेव्हा दोन खडे वाटीत काढावेत. गोठलेली चटणी सुटताना थोडे पाणी सोडते, त्यात फुटाण्याच्या डाळीची चमचाभर पूड आणि ताजे लिंबू मिसळले की ती पुन्हा सारखी होते. ज्यांना शेंगदाणे चालत नाहीत असे कोणी पाहुणे असतील तर आधी विचारून घ्या. दाण्यांऐवजी तेवढेच ओले खोबरे घातले तरी हिशोब बदलत नाही, मात्र खोबऱ्याची चटणी उन्हात लवकर आंबते, तेव्हा बर्फ अधिक ठेवावा लागेल.

लगबग (जरीपटका)

आभारी आहे. मुलाकडच्या मंडळींना फोन करून विचारले, शेंगदाण्याची अडचण कोणालाच नाही. पुदिना शुक्रवारी सकाळी कॉटन मार्केटमधून आणते, काकूंची कैरीही घेते, आणि लिंबाऐवजी निम्म्या घाण्यांत कैरी घालून पाहते.

वाड्यातील_काकू (महाल)

सगळ्या घाण्यांत घाला. निम्म्यात कैरी आणि निम्म्यात लिंबू घातले तर एकत्र करताना आंबटपणाचा अंदाज लागत नाही. कैरी आधी चाखून पाहा, फार आंबट असेल तर गुळाचा खडा थोडा मोठा घ्या.